काळ्या साबणावर पांढरी झाक : सोडा ॲश आधी कशी रोखायची, आल्यावर काय करायचं?

काजळरेघ

दोन वर्षं कोल्ड प्रोसेसने, म्हणजे न शिजवता साबण करते आहे. सोडा ॲश अधूनमधून यायची, पण माझ्या वड्या कायम फिकट पिवळ्या, त्यामुळे ती नजरेत भरायची नाही. या वेळी पहिल्यांदाच चारकोल घालून काळी लादी ओतली. वर चमच्याच्या पाठीने लाटा काढल्या. इतक्या छान उठल्या की झोपायला जाण्याआधी दोनदा येऊन पाहून गेले.

सकाळी प्रत्येक लाटेच्या कडेवर पांढरी भुकटी. खोलगट भाग बऱ्यापैकी काळे, उंचवटे पांढरे. बोट फिरवलं की खडूसारखं बोटाला लागतं आणि खाली काळाभोर साबण दिसतो. २४ तासांनी वड्या कापल्या तेव्हा कापलेल्या बाजू स्वच्छ होत्या. तिसऱ्या दिवशी त्यांच्यावरही झाक आली, आरशावर श्वास सोडल्यावर येते तशी.

कृती: तेलं एकूण १००० ग्रॅम (ऑलिव्ह ५००, खोबरेल २५०, पाम २००, एरंडेल ५०), कॉस्टिक (सोडियम हायड्रॉक्साइड) १४० ग्रॅम, पाणी ३८० ग्रॅम, सुपरफॅट (साबण न होता मुद्दाम उरू दिलेलं तेल) ५ टक्के. तेल ३२ अंशांवर, लाय (पाण्यात विरघळवलेलं कॉस्टिक) पूर्ण थंड. लाटांसाठी आणि रंगाच्या रेषांसाठी वेळ हवा होता म्हणून ट्रेस (तेल आणि लाय एकजीव होऊन घोळ दाटू लागतो ती अवस्था) अगदी पातळ ठेवला. झाकलं तर लाटा मोडतील या भीतीने साचा उघडाच ठेवला. खोलीत पंखा चालू होता.

हे अंगाला लावायला चालेल ना? लाटा न मोडता ॲश काढता येईल का? आणि पुढच्या लादीला काय बदलू? चारकोलमुळे तर असं होत नाही ना?

मंदआच

चारकोलचा काही दोष नाही. पिवळ्या वडीवरही तेवढीच ॲश असणार, काळ्यावर ती दिसली इतकंच.

तुमची कृती वाचताना मी जवळजवळ प्रत्येक ओळीवर थांबले. पाणी भरपूर, तेल आणि लाय दोन्ही थंड, ट्रेस पातळ, साचा उघडा, वर पंखा. यातली एखादी गोष्ट असती तरी चाललं असतं. सगळ्या एकत्र आल्या की थर येणारच. लायला तेल आधी भेटलं तर साबण होतो, हवा आधी भेटली तर ॲश होते. थंड, पातळ, पाणीदार घोळात साबण व्हायला वेळ लागतो, आणि तेवढा वेळ पृष्ठभागावरची लाय मोकळी राहते.

सगळ्यात आधी पाणी कमी करा. ३८० ग्रॅम म्हणजे तेलाच्या ३८ टक्के. बरेच कॅल्क्युलेटर हाच आकडा आपणहून धरतात आणि नवीन माणूस तोच घेऊन पुढे जातो. तुमच्या लायची तीव्रता त्याने जेमतेम २७ टक्के होते. तेलाच्या टक्क्यांत पाणी मोजणं सोडा आणि लायच्या तीव्रतेत मोजा. कॉस्टिकच्या दुप्पट पाणी घेतलं की तीव्रता ३३ टक्के. १४० ग्रॅमला २८० ग्रॅम पाणी, म्हणजे सरळ १०० ग्रॅम कमी. ट्रेस थोडा लवकर येईल, पण लाटा काढायला पुरेसा वेळ मिळतो.

रसायनवाला

ॲश म्हणजे सोडियम कार्बोनेट, आपण ज्याला धुण्याचा सोडा म्हणतो तेच. दोन भाग सोडियम हायड्रॉक्साइड आणि एक भाग कार्बन डायऑक्साइड मिळून ते तयार होतं, सोबत पाणी सुटतं.

उंचवट्यांवर जास्त का, याला माझ्या मते दोन कारणं आहेत. एक म्हणजे उंचवटे लवकर थंड होतात, तिथे साबण व्हायची क्रिया मंदावते. दुसरं म्हणजे त्यांना सगळ्या बाजूंनी हवा लागते, पाणी तिथूनच जास्त उडतं आणि आतलं पाणी विरघळलेली लाय घेऊन वर येत राहतं. ओल्या भिंतीला लोणा लागतो तो असाच. पाणी उडून जातं, क्षार बाहेर राहतो. पंख्याने यात दुहेरी भर घातली: पाणी लवकर उडवलं आणि पृष्ठभागावर सतत ताजी हवा आणून दिली.

झाकायला क्लिंग फिल्म चिकटवलीच पाहिजे असं नाही. लाटांना न टेकणारा उंच खोका पालथा घाला आणि कडा नीट बसवा. हिशेब करून पाहा. हवेत कार्बन डायऑक्साइड साधारण ०.०४ टक्के असतो. १० लिटरच्या बंद खोक्यात तो फार तर ४ मिलिलिटर भरेल. तो सगळाच्या सगळा लायला मिळाला तरी त्यातून १८ मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम कार्बोनेट होईल. एका लादीच्या पृष्ठभागावर पसरलं तर ते दिसणारही नाही. थर जाड होतो तो हवा बदलत राहते म्हणून. खोका हवाबंद नसला तरी चालेल, वारा थांबला पाहिजे. फक्त दर तासाला उचलून आत डोकावू नका.

फेसाळ

मी सहा वर्षं एकच करते. साचा भरला, वरची नक्षी झाली, की लगेच ९९ टक्क्यांचं आयसोप्रोपिल अल्कोहोल बारीक फवाऱ्याने मारते. पृष्ठभाग ओलसर दिसेपर्यंत, ओघळ येईपर्यंत नाही. मग १५-२० मिनिटांनी पुन्हा, आणि झोपण्याआधी एकदा. बुडबुडेही फुटतात. दहातल्या आठ लाद्या स्वच्छ निघतात.

दुकानातला हँड सॅनिटायझर मारू नका, त्यात ग्लिसरीन आणि वास असतो. ७० टक्क्यांचं अल्कोहोल मी वापरून पाहिलंय. त्यातलं पाणी पृष्ठभागावरच राहतं आणि परिणाम अर्धवट येतो.

मंदआच

फेसाळ, अल्कोहोल मीही मारते, पण त्याच्या एकट्याच्या भरवशावर राहत नाही. तुमच्या उरलेल्या दोन लाद्यांचं पाणी आणि तापमान एकदा पाहा.

आणि जे कोणी फवारा मारणार आहेत त्यांनी गॅस, मेणबत्ती, तापलेला ओव्हन यांच्या जवळपासही मारू नका. खिडकी उघडी ठेवा. पेट घ्यायला त्या वाफेला फार काही लागत नाही. साबण ओव्हनमध्ये ठेवून उबवणाऱ्यांनी तर अल्कोहोल आणि ओव्हन या दोन गोष्टी एका दिवशी एकत्र आणूच नयेत.

फेसाळ

मान्य. फवारा मारताना मी साचा नेहमी शेगडीपासून लांब दुसऱ्या खोलीत नेते. लिहायला हवं होतं.

पाण्याचंही पाहिलं. बिघडलेल्या दोन्ही लाद्या जुन्या, ३८ टक्क्यांच्या कृतीतल्याच निघाल्या.

तळहात

वेगळं मत मांडते. मी डोंगररांगांची चित्रं असलेले साबण करते आणि शिखरांवर आलेली ॲश मुद्दाम तशीच ठेवते. रंगाने तसा शुभ्र मऊपणा मला कधी साधला नाही. पहिल्या आंघोळीत ती जाते, हे वडी देताना सांगून ठेवते.

नवशिका

धागा वाचून बरं वाटलं, कारण माझ्या पहिल्याच साबणावरही पांढरं आलंय. २०० ग्रॅम तेलाची छोटी लादी केली, प्रमाणं साधारण वरच्यासारखीच. माझ्याकडे पांढरं वर नाही, वडी कापल्यावर आत दिसतं. मधूनमधून छोट्या पोकळ्या आहेत, त्यात पांढरे कण, आणि दोन ठिकाणी पाण्यासारखं काहीतरी ओलं. वडी कापताना कडा भुसभुशीत तुटली. वाफ देऊन काढू का?

मंदआच

नवशिका, थांबा. ही वडी उघड्या हाताने धरू नका आणि अंगाला तर अजिबात लावू नका. तुम्ही सांगताय ती ॲश नाही. ॲश पृष्ठभागावरच असते, नखाने खरवडली की खाली चांगला साबण लागतो. आतल्या पोकळीतले पांढरे कण आणि ओल म्हणजे तेलाशी न जुळलेली लाय असण्याची शक्यता मोठी आहे. भुसभुशीतपणाही तेच सांगतो.

हातमोजे आणि गॉगल घाला. पोकळीतल्या द्रवाला फिनॉल्फ्थॅलिनचा थेंब लावून बघता आलं तर बघा, गडद गुलाबी झाला तर शंका उरत नाही. जिभेची चाचणी (साबणावर घासलेलं ओलं बोट जिभेला लावून चटका लागतो का पाहणं) या वडीवर करू नका. ती वरून एकजीव दिसणाऱ्या साबणासाठी आहे.

कॉस्टिक कशावर मोजलंत?

नवशिका

स्वयंपाकघरातल्या काट्यावर. तो पाच-पाच ग्रॅमने आकडा बदलतो. कॉस्टिक २८ हवं होतं, २५ वरून ३० झाल्यावर थांबलो.

रसायनवाला

मग तिथेच उत्तर आहे. तुमच्या २०० ग्रॅम तेलाला पुरेपूर लागणारं कॉस्टिक साधारण २९.५ ग्रॅम. ५ टक्के सुपरफॅट धरून ते २८ येतं. म्हणजे मोकळीक दीड ग्रॅमची. पाच-पाचने बदलणारा काटा ३० दाखवतो तेव्हा भांड्यात ३२ सुद्धा असू शकतात. तितक्याने सगळी सुपरफॅट संपून लाय उरते. मोठ्या लादीत हीच चूक पचून जाते, छोट्या लादीत नाही. एक ग्रॅमचा, जमल्यास ०.१ ग्रॅमचा काटा घ्या, आणि त्याआधी दुसरी लादी करू नका.

नेमकं किती जास्त पडलं हे माहीत नसताना अंदाजाने तेल घालून ही लादी दुरुस्त करायलाही जाऊ नका.

नवशिका

गुलाबी झालं. अगदी राणी रंग. लादी बाजूला काढून ठेवली, कुणाच्या हाती लागणार नाही अशी. तुम्ही विचारलं नसतं तर आज वाफ देऊन उद्या वापरली असती. मनापासून आभार.

काजळरेघ

नवशिका, तुम्ही विचारलंत हे फार चांगलं केलंत. माझ्या प्रश्नात दोन्ही पांढऱ्यांतला फरक आलाच नव्हता. मी माझ्या वड्या परत तपासल्या. वरची भुकटी खरवडून टाकली, खालच्या साबणावर ओलं बोट घासून जिभेच्या टोकाला लावलं. साबणाची चव, चटका नाही.

मंदआच

बरोबर केलंत, आधी खरवडून मगच. धुण्याचा सोडा जिभेला खारट-तुरट लागतोच, त्यामुळे ॲशवरच बोट फिरवलं की माणूस उगाच घाबरतो.

तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर राहिलं होतं. एवढा पातळ थर धोक्याचा नाही. सोडा साबणापेक्षा जास्त क्षारीय असतो, म्हणून कोरड्या किंवा नाजूक त्वचेला चरचरू शकतो. वडी पहिल्यांदा वापरण्याआधी नळाखाली धरून हाताने चोळली की तो प्रश्न मिटला.

फेसाळ

काढायचं म्हणाल तर सपाट बाजूंसाठी ओलं सुती फडकं किंवा भाजी सोलायच्या सोलाण्यासारखं प्लेनर. लाटांसाठी फक्त वाफ. कपड्यांचा स्टीमर असेल तर उत्तम. शिक्क्याच्या अक्षरांत अडकलेली ॲश मऊ टूथब्रशने निघते, पण आधी वडी चार आठवडे वाळू द्या, नाहीतर अक्षरांच्या कडा ब्रशसोबत जातात.

रसायनवाला

वाफेने ॲश विरघळते, आणि विरघळलेला भाग पातळ होऊन पसरल्यावर दिसत नाही. आतून अजून ओल बाहेर पडत असेल तर ती परत येईल. म्हणून घाई नको.

जाता जाता, कॉस्टिकच्या डब्याचं झाकण आणि लायच्या भांड्याचं झाकण दोन्ही घट्ट असू द्या. उघड्यावर थंड होणाऱ्या लायवर पांढरी साय धरते, तीही कार्बोनेटच. ओतताना स्टीलच्या गाळणीतून गाळा. ॲल्युमिनियमची गाळणी किंवा भांडं नको, लाय त्याला खाते आणि हायड्रोजन सुटतो.

काजळरेघ

दोन आठवड्यांनी परत येते आहे, या वेळी करून पाहिलेलं सांगायला. घोळ दोन केले, कृती तीच, प्रत्येकी ५०० ग्रॅम तेल, दोन्हींत चारकोल. एकात पाणी जुन्या हिशेबाने १९० ग्रॅम, दुसऱ्यात १४० ग्रॅम. प्रत्येक घोळ सारख्याच चार छोट्या साच्यांत ओतला: एक उघडा, एकावर अल्कोहोलचे तीन फवारे, एकावर चिकटवलेली क्लिंग फिल्म, एक पालथ्या खोक्याखाली. पंखा बंद. ४८ तास कशालाच हात लावला नाही.

जास्त पाण्याचा उघडा साचा पहिल्यासारखाच पांढरा. अल्कोहोलवाल्यावर मधला भाग काळा, कडांना पांढरी रेघ. क्लिंग फिल्मखाली एक बुडबुडा अडकला होता, बरोबर त्याच्याच आकाराचा पांढरा गोल उमटला. बाकी सगळा पृष्ठभाग काचेसारखा. तो गोल मी बराच वेळ बघत होते. हवा जिथे टेकली तिथेच आणि तेवढीच ॲश. खोक्याखालच्या साच्यावर एका कोपऱ्यात चार-पाच ठिपके.

कमी पाण्याच्या चारही साच्यांत फरक लगेच कळला. उघड्यावर फक्त लाटांच्या टोकांना पुसट झाक. अल्कोहोलवाला स्वच्छ, क्लिंग फिल्मवाला स्वच्छ, पण त्याच्या लाटा फिल्मने दाबून टाकल्या. खोक्याखालचा स्वच्छ आणि लाटा जशाच्या तशा.

त्यामुळे माझ्यापुरतं ठरलं: ३३ टक्के लाय आणि पालथा खोका. फवारा ठेवेन, पण बुडबुड्यांसाठी.

फेसाळ

हा बुडबुड्याचा गोल बघायला मिळायला हवा होता. मी आता फवाऱ्यासोबत खोकाही घालणार.

एक सावधगिरी. कमी पाण्याने इतकं छान होतंय म्हणून लायच्या ४० टक्के तीव्रतेवर उडी मारू नका. मी मारली होती. घोळ पटकन घट्ट झाला, आणि लादीच्या मध्यभागीच जेल फेज (साबण तापून जेलीसारखा होतो तो टप्पा) येऊन कापल्यावर प्रत्येक वडीत गडद वर्तुळ उमटलं.

मंदआच

पाणी कमी असलं की जेल यायला जास्त उष्णता लागते. मध्यभागी ती मिळते, कडांना मिळत नाही, म्हणून वर्तुळ. एकतर पूर्ण जेल होऊ द्या, नाहीतर अजिबात नको. पूर्ण हवी असेल तर घोळ थोडा कोमट ओता, ३८ ते ४० अंशांवर, आणि खोक्यावर जाड टॉवेल गुंडाळा. जेल झालेल्या लादीत साबण भराभर होतो, लाय मोकळी उरतच नाही, त्यामुळे ॲशही सहसा येत नाही. दूध किंवा मध घातलेल्या लादीला मात्र टॉवेल नको, ती स्वतःच इतकी तापते की मध्ये तडा जातो.

दूधवाल्यांनी म्हणून पाणी, खोका आणि उशिरा कापणं यांवरच भर द्यावा.

तळहात

मधमाश्यांच्या मेणाबद्दल कुणी लिहिलं नाही. तेलाच्या १ टक्का मेण घातलं की माझ्या साध्या वड्यांवर ॲश जवळजवळ येत नाही. पण मेण ६२-६४ अंशांवर वितळतं, त्यामुळे तेल गरम ठेवावं लागतं आणि ट्रेस धावत येतो. चित्रांच्या साबणात मी ते घालत नाही.

काजळरेघ

माझ्या लाटांनाही मग ते परवडायचं नाही.

जुन्या लादीचंही सांगते. दोन वड्यांना आठव्या दिवशीच स्टीमर दिला. वीतभर अंतरावरून वाफ सोडली की पांढरं डोळ्यांदेखत विरत जातं, खालून ओला काळा रंग चमकत वर येतो. एका लाटेजवळ नळी जास्त वेळ धरली तर तिचं टोक मऊ होऊन एका बाजूला कललं. पाच दिवसांनी दोन्ही वड्यांवर फिकट झाक परत आली होती. बाकीच्या वड्या चार आठवडे तशाच ठेवल्या आणि काल वाफ दिली. जाळीवर सुकवल्या, मध्ये हात लावला नाही. आज सकाळीही काळ्याभोर आहेत.

नवशिका

काजळरेघ, एक शेवटचं. नवा काटा आलाय, ०.१ ग्रॅमचा. खोका नेमका कधी उचलायचा आणि वड्या कधी कापायच्या? तुमच्या पहिल्या लादीत कापलेल्या बाजूंवर नंतर ॲश आली होती ना?

काजळरेघ

हो, ती घाईमुळे. २४ तासांनी कापली तेव्हा आत लाय अजून मोकळी होती, आणि कापल्यावर नवीन बाजू हवेला मिळाली. आता ४८ तास खोका हलवत नाही. मग कडेचा तुकडा काढून जिभेला लावून बघते. जरा जरी चटका लागला तर खोका परत पालथा घालून आणखी एक दिवस थांबते. नाही लागला तर कापते. नवी लादी काल, तिसऱ्या दिवशी कापली, वड्या आत्ता समोर जाळीवर आहेत, सगळ्या बाजूंनी काळ्या.